पान बाराशे सदुसष्ट

नेर, १० डिसेंबर १९६१

रहेमान,

वर मायना नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ‘सप्रेम’ लिहायला हात धजत नाही आणि ‘नमस्कार’ लिहायची आज इच्छा नाही.

नागपूरच्या मासिकाचा डिसेंबरचा अंक काल आला. अंकच पाठवला असता, पण तो तुझ्याकडे न वाचताच पडून राहील, म्हणून अमरावतीच्या एका प्राध्यापकाचं त्यात छापलेलं पत्र इथे उतरवून देतो. वाच.

‘दिवाळी अंकात श्री. बाबाराव गावंडे, मुख्याध्यापक, नेर, यांनी सतरा एक ओळीने लिहून होणाऱ्या संख्येला पंचवीस लाखांपर्यंत एकही भाजक नाही, असे ठासून लिहिले आहे. या संख्येला २०७१७२३ ने पूर्ण भाग जातो. भागाकार ५३६३२२२३५७ येतो. ही गोष्ट परदेशात कित्येक दशकांपूर्वी छापली गेली आहे. लेखकाने पाच वर्षे भागाकार करण्याऐवजी पाच मिनिटे ग्रंथालयात घालवली असती, तर बरे झाले असते.’

नेरला ग्रंथालय आहे का, हे प्राध्यापकाला कुणी विचारायचं? इथे शाळेच्या कपाटात चाळीस पुस्तकं आहेत, त्यातली अर्धी वाळवीने वाचली आहेत. आणि परदेशात कुणी काढलं म्हणून आपण काढायचं नाही, हा कुठला न्याय? पण ते राहू दे. प्राध्यापकावरचा राग मी प्राध्यापकावरच काढीन. तुझ्यावरचा वेगळा आहे.

काल शाळा सुटल्यावर सातवीच्या फळ्यावर मी गुणाकार मांडला. खाली २०७१७२३, वर तो दहा आकडी भागाकार. ओळी मांडल्या आणि उजवीकडून बेरीज घेत गेलो. एक. एक. एक. हातचे येत होते, जात होते आणि खाली फक्त एक उतरत होता. पाच, पाच, पाच आणि दोन. सतरा. आयुष्यात याहून देखणा गुणाकार मी पाहिलेला नाही.

मग आपल्या पानांची पेटी उघडली. २०७१७२३ हा भाजक पान बाराशे सदुसष्टवर तिसऱ्या ओळीत आहे. विषम पान. म्हणजे तुझं. तुझ्या अक्षरात त्याच्यापुढे बाकी लिहिली आहे ४१८२०६. तिथे शून्य हवं होतं, रहेमान. ज्या शून्यासाठी आपण पाच वर्षं हाताला घट्टे पाडले, ते तुझ्या पानावर बसलं होतं आणि तू त्याच्या जागी चार लाख अठरा हजार दोनशे सहा लिहिलेस.

चूक प्रत्येकाची होते, असं म्हणशील. भागाकारात चूक झाली तर मी समजू शकतो. पण मला वेगळाच संशय आहे. मला वाटतं तू ती ओळ भागलीच नाहीस.

संपादकांचं पत्र आलं आहे. मार्चच्या अंकात खुलासा छापायचा म्हणतात, चूक कुणाच्या हातून झाली ते नावानिशी कळवा. फेब्रुवारीअखेर मजकूर टपालात पडायला हवा. मला तुझ्याकडून एकच ओळ हवी: ‘पान १२६७ मी भागलं नाही.’ खाली सही. नाहीतर मी तुझं नाव माझ्या हाताने लिहीन, वडिलांच्या नावासकट, कॉटन मार्केटमधल्या तुझ्या मापारी परवान्यासकट.

बाबाराव

नेर, २ जानेवारी १९६२

रहेमान,

तेवीस दिवस झाले, उत्तर नाही. हंगाम आहे, गाड्या उभ्या आहेत, मापाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नाही, सगळं मान्य. पण एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? तू एका गाडीचं वजन सांगतोस तेवढा.

इथे माझं काय झालं आहे ते ऐक. तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्या मास्तरांसमोर मला विचारलं, ‘काय गावंडे, सतरा एके किती?’ आमचा कारकून सेवादास, ज्याला तीसच्या पुढचा पाढा येत नाही, तो फिस्सकन हसला. विमल म्हणते, लक्ष देऊ नका. बायकोने लक्ष देऊ नका म्हटलं की समजावं, गावात फारच बोललं जातंय.

आणि हे सगळं मी एकट्याने सोसायचं? काम तर दोघांचं होतं.

सुरुवात कुणी केली, आठव. दारव्ह्याच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. गुरुजींनी अकरा एक मांडून दिले आणि म्हणाले, याला कशाने भाग जातो ते सांगा. आठ दिवसांनी तू उभा राहिलास, ‘एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.’ गुरुजी खुर्चीतून उठले होते. तेरा एकही आपण फोडले. सतरा एकांनी मात्र दाद दिली नाही, आणि मग मी मास्तर झालो, तू काट्यावर गेलास. छप्पन्नच्या डिसेंबरात, मध्य प्रदेशातले आपण नुकतेच मुंबई राज्यात जमा झालो होतो तेव्हा, तू माझ्या ओट्यावर बसून म्हणालास, ‘बाबाराव, ते सतरा एक अजून तसेच पडून हायेत न बे?’ तू म्हणालास. मी नाही.

भाजक चौतीसच्या पटीत एक मिळवूनच यायला हवा, हे मी सिद्ध करून दाखवलं. तीन, पाच, सात आणि अकराने जाणारे गाळले. पानाला वीस ओळी. विषम पानं तुझी, सम माझी. ओळीत भाजक लिहायचा आणि बाकी लिहायची. झालेली पानं दारव्ह्याच्या मोटारीच्या भावसिंग ड्रायव्हरकडे द्यायची. पंधराशे अठ्ठावीस पानं झाली तेव्हा पंचवीस लाख गाठले. पुरता निकाल लागायला साडेदहा कोटींपर्यंत जावं लागलं असतं, म्हणजे याच चालीने आणखी दोनशे वर्षं. हिशेब सांगितला तेव्हा तू म्हणालास, ‘मंग घाई कायले करतं?’ तेव्हा हसलो होतो. आता हसू येत नाही.

तुझ्या घरी दुःख झालं, हे मी विसरलेलो नाही. तुझी बायको हजराबी गेली तेव्हा मी येऊन बसून गेलो. जे करायचं ते मी केलं. त्यानंतर तूच नेरला यायचा बंद झालास. पानं येत राहिली, पण सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी म्हटलं, माणूस दुःखात आहे, बोलवत नसेल. पण दुःख होतं म्हणून खोटी बाकी लिहायची? त्याचा इथे काय संबंध?

मी तुझी सगळी पानं तपासायला काढली आहेत. सातशे चौसष्ट पानं. प्रत्येक पानावर डोळे मिटून बोट ठेवतो आणि बोटाखालची ओळ भागतो. रोज पंधरा. आतापर्यंत दोनशे साठ झाली.

सगळ्या बरोबर आहेत. त्याचाही मला राग येतो आहे.

बाबाराव

नेर, ४ फेब्रुवारी १९६२

रहेमान,

सापडलं.

बाराशे एक्कावन्नपर्यंत एकही ओळ चुकलेली नाही. सव्वासहाशेच्या आसपास भागाकार मी केले आणि सव्वासहाशे वेळा तुझीच बाकी आली. माझ्या स्वतःच्या पानांत, प्रामाणिकपणे सांगतो, इतकी शुद्धता निघणार नाही. मनातल्या मनात मी तुझी माफी मागायलाही लागलो होतो. वाटलं, बाराशे सदुसष्टवर डोळा चुकला असेल, माणूस आहे.

मग बाराशे त्रेपन्न. बोट पंधराव्या ओळीवर पडलं. बाकी चूक. वरची भागली, चूक. खालची भागली, तीही चूक. मग पहिल्या ओळीपासून बसलो. एक ते सात बरोबर. आठवीपासून खाली सगळं खोटं. बाराशे पंचावन्न पूर्ण खोटं. सत्तावन्न, एकोणसाठ, एकसष्ट, त्रेसष्ट, पासष्ट, सदुसष्ट, सगळी खोटी. बाराशे एकोणसत्तरपासून पुन्हा बरोबर, ते थेट शेवटच्या पानापर्यंत. आठ पानांत एकशे त्रेपन्न ओळी.

आणि मला वाटलं होतं एकच ओळ!

ऐक, मी कसं पकडलं. भाजक वीस लाखांच्या पुढचे. त्यांनी भागल्यावर बाकी कधी दोन लाख येईल, कधी सतरा लाख, कधी एकोणीस. निदान तिसरा हिस्सा बाक्या साडेबारा लाखांच्या वर जायलाच हव्यात. तुझ्या एकशे त्रेपन्न ओळींत एकही बाकी साडेबारा लाखांच्या वर नाही. मास्तर आहे मी, नक्कल करणारी पोरं वीस वर्षं बघतोय. साडेबारा लाखांचे भाजक कुठल्या पानांवर होते? साडेसातशेच्या पुढे. काढली ती पानं आणि शेजारी ठेवली. बरोबर पाचशे पानं मागे, ओळीला ओळ. बाराशे त्रेपन्नवर सातशे त्रेपन्नच्या बाक्या. बाराशे सदुसष्टच्या तिसऱ्या ओळीत सातशे सदुसष्टच्या तिसऱ्या ओळीची बाकी, चार लाख अठरा हजार दोनशे सहा. तुझ्या कच्च्या वहीतून तू मागची पानं उतरवलीस.

खोटा आकडासुद्धा तुला मनाने लिहिता आला नाही! आयुष्यभर काट्यावर जे दिसलं तेच बोललास, म्हणून खोटं बोलायची वेळ आली तेव्हा खरे आकडे चोरून आणलेस. हसावं की डोकं फोडून घ्यावं, मला कळेना.

माझीही एक चूक आहे, ती लिहून टाकतो म्हणजे तू ती मला ऐकवायला नको. ओळीत भागाकार लिहायचा नाही, फक्त बाकी, हा नियम माझा. भागाकार लिहिला असता तर नवाचा ताळा घेऊन मी दोन मिनिटांत सगळं पकडलं असतं. माझी चूक एवढीच, की मी तुझ्यावर विश्वास ठेवला.

पानावर आल्याची तारीख मी लाल शाईने टाकतो. ही आठही पानं एका गठ्ठ्यात आली, १४ सप्टेंबर १९६० ला. एरवी तू दोन-तीनच्या वर पानं एकदम कधी पाठवली नाहीस. मी तारीख पाहिली आणि पेटी बंद केली.

दारव्ह्याच्या बाजारात शेतकरी दोन काटे सोडून तुझ्या काट्यावर गाडी उभी करतो. का? रहेमान खाँ न मोजता आकडा बोलत नाही म्हणून. आता मार्चच्या अंकात तो वाचेल, की बोलतो. तुझा परवाना राहील की जाईल, ते मार्केट कमिटी बघेल. खुलासा लिहून तयार आहे. पाकिटावर पत्ताही घातला आहे. अठ्ठावीस तारखेला टपालात टाकीन. तोवर ती एक ओळ आली तर बघू.

बाबाराव

नेर, १९ फेब्रुवारी १९६२

रहेमान,

आज मी दारव्ह्याला आलो होतो. तुला कळलं असेलच.

आधी मार्केटात गेलो. तू काट्याजवळ उभा होतास. नवी किलोची वजनं आली आहेत, त्यांच्यावरून कुणी शेतकरी तुझ्याशी वाद घालत होता आणि तू त्याला मण आणि किलो समजावून सांगत होतास. दुपार टळत आली होती, रोज्याने तोंड तुझं सुकलेलं होतं. मी कडुनिंबाखाली उभा राहिलो. जवळ यायचं, चार लोकांसमोर विचारायचं, असं ठरवून आलो होतो. आलो नाही. काय झालं ते मला विचारू नकोस.

मग तुझ्या घरी गेलो. म्हटलं, घरीच बसून तुझी वाट पाहू. तुझी बहीण अकीला होती. स्वतःचा रोजा असताना तिने मला चहा करून दिला. मी नको म्हणत होतो.

‘भाई काट्यावर हायेत,’ ती म्हणाली. ‘तुमचे तीन खत आले, मास्तर. तिन्ही वाचून दाखवले मले भाईनं.’

‘मंग उत्तर काहून देत नाही तो?’ मीही चिडलो की शाळेची भाषा विसरतो.

‘काय देऊन राह्यले उत्तर? भागलं का नाही भागलं, एवढंच तं इचारता तुमी.’

‘तेच इचारतो. भागलं का?’

‘नाही भागलं.’ तिने सरळ सांगितलं. ‘पोळ्याच्या दोन दिवस आंधी भाभीले यवतमायले दवाखान्यात नेलतं. अठरा दिवस भाई तिथं वट्ट्यावर झोपले. तुमचे कागद नेलते त्यायनं संग. पयल्या दिवशी सात ओयी केल्या. मंग डाक्तरनं बलावलं, काय सांगाचं ते सांगितलं. कागद घडी करून पिशवीत ठेवले, ते ठेवलेच.’

सात ओळी. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं आणि ती सात ओळी म्हणाली. अठरा दिवस आणि दिवसाला साडेआठ ओळी, ही आपली चाल. गुणाकार मनात झाला. न करून कसा राहणार? एकशे त्रेपन्न.

तरी मी म्हणालो, ‘मले सांगाचं न मंग. राहू द्या म्हटलं असतं मी.’

‘तुमाले सांगाचं?’ तिचा आवाज चढला. ‘तुमी आलते न तिसऱ्या दिवशी! याच खाटेवर बसलते. तुमाले काय सांगा लागत होतं का, घरात काय झालं ते?’

मग ती म्हणाली, ‘दिवाळीच्या पुस्तकात भाईचं नाव नव्हतं. भाईनं पूरं वाचलं, दोनदा. म्या म्हटलं, तुमचं नाव कुठी हाये? तं म्हणे, राहू दे. आता खोटेपणाले त्यायचं नाव टाकून राह्यले म्हणे तुमी.’

बघ, हे आहे तुझ्या घरचं आदरातिथ्य! चहा पाजायचा आणि वर उलटतपासणी घ्यायची. लेखात तुझं नाव का नव्हतं याचं उत्तर मी तुला देऊ शकतो, तिला द्यायला बांधलेला नाही. तुला लेखाचं पान पाठवून विचारणार होतो, दिवाळी अंकाची घाई होती, संपादक म्हणाले एकच नाव असलेलं बरं दिसतं. असो.

निघताना ती म्हणाली, ‘तुमचं कार्ड भाईनं ठेवलं हाये.’

‘कोणतं कार्ड? मी कोणतंही कार्ड लिहिलेलं नाही.’

ती कपबशी उचलून आत गेली, ती बाहेर आलीच नाही. तुझी वाट न पाहता मी पाचच्या मोटारीने परत आलो.

रहेमान, हजराबीच्या आजारपणात तू भागाकार केले नाहीस, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी राक्षस नाही. माझं म्हणणं एवढंच, की पानं कोरी पाठवायची होतीस. कोरं पान खोटं नसतं. खोटं भरून पाठवायची तुझ्यावर कुणी सक्ती केली होती? आणि मी तुला कसलंही कार्ड लिहिलेलं नाही. असेल तर दाखव.

बाबाराव

नेर, २८ फेब्रुवारी १९६२

प्रिय रहेमान,

तुझं पाकीट काल दुपारी मिळालं. आत दुसरं काही नव्हतं, म्हणून दोनदा झटकून पाहिलं. एक कार्ड. अक्षर माझं. तारीख १० सप्टेंबर १९६०.

‘रहेमान, तुझी १२५३ पासूनची आठ पानं आलेली नाहीत. माझी १२७० पर्यंत तयार आहेत. तुझ्यामुळे काम अडलं आहे. बुधवारच्या मोटारीने भावसिंगकडे न चुकता दे. बाबाराव.’

हजराबी सहा तारखेला गेली. आठला मी तुझ्याकडे येऊन बसलो. दहाला हे लिहिलं. बुधवारी, चौदाला, पानं आली.

मी खोटं बोललो नव्हतो, रहेमान. हे कार्ड मी खरंच विसरलो होतो. हे तुला सांगतानाही माझं अंग जळतंय, कारण विसरणं जास्त वाईट आहे. लक्षात ठेवून लपवलं असतं, तर निदान लाज वाटली होती असं म्हणता आलं असतं. आणि कार्डावर मी साडेचार ओळी लिहिल्या आहेत. खाली अर्धी जागा कोरी आहे. तिथे तिचं नाव लिहायला जागा होती.

आठ तारखेचं मात्र मला सगळं आठवतं. तेवढं मी तुझ्यापासून लपवलं, आणि स्वतःपासूनही. जानेवारीच्या पत्रात ‘येऊन बसून गेलो’ लिहिलं, ते अर्धंच लिहिलं. खाटेवर तू माझ्या शेजारी होतास. लोक येत होते, तुझा हात हातात घेत होते, दोन शब्द बोलत होते. मला एकही शब्द सुचेना. हजराबीने मला वीस वर्षं जेवू घातलं. ‘एवढे एक मांडून काय भेटते तुमाले दोघाले? एकाले एक जोडून कोणी घर बांधलं का?’ असं विचारायची आणि आपण दिवा पुढे ओढला की वात मोठी करून द्यायची. हे बोलायचं होतं. हेच बोलायचं होतं. आणि मी तुझ्या कानाशी वाकून काय बोललो? ‘बाराशे त्रेपन्नपासूनची पानं कुठवर आली?’

तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, ‘देतो.’

एवढंच. देतो. आणि दिलीस. परवा बायकोला माती दिलेल्या माणसाने रात्री बसून एकशे त्रेपन्न ओळी उतरवल्या, कारण मास्तराचं काम अडलं होतं. मी विचारत होतो, सक्ती कुणी केली. पेटीत लाल शाईची तारीख होती, माझ्याच हातची. मी ती पाहिली आणि झाकण लावलं. त्या वेळी मला कळलं होतं, रहेमान. पूर्ण नाही, पण झाकण लावण्यापुरतं कळलं होतं.

संपादकांना लिहिलेला पहिला खुलासा फाडला. आज सकाळी हा टपालात टाकला. नक्कल देतो:

‘पान १२५३ ते १२६७ मधील आठ विषम पानांवरच्या बाक्या भागाकार न करता भरलेल्या आहेत. ही पाने भरणाऱ्याच्या घरी त्या आठवड्यात मृत्यू झाला होता आणि मी ती कार्ड पाठवून मागून घेतली, म्हणून ती तशी भरली गेली. चूक माझी आहे. उरलेली सातशे छप्पन्न विषम पाने दारव्ह्याचे मापारी श्री. रहेमान खाँ वल्द गुलाम नबी यांनी केली. त्या प्रत्येक पानावरील एक ओळ मी स्वतः भागून पाहिली असून एकही आकडा चुकलेला नाही. असे मला माझ्या स्वतःच्या पानांबद्दल म्हणता येणार नाही. दिवाळी अंकातील लेखात त्यांचे नाव नव्हते. ती छपाईची चूक नव्हती, माझी होती. २०७१७२३ हा भाजक परदेशात पूर्वीच सापडला होता असे प्राध्यापकमहाशय म्हणतात. तो दारव्ह्याला १९६० च्या दिवाळीपर्यंत सापडला असता, जर मी माणसासारखा वागलो असतो.’

संपादक शेवटचं वाक्य गाळतील. गाळलं तर मी पुन्हा पत्र लिहीन. छापेपर्यंत लिहीन.

कमिटीत कुणी तुझ्या परवान्याबद्दल एक शब्द काढला तर मला कळव. मी येऊन तुझ्या काट्यासमोर उभा राहीन आणि हीच नक्कल मोठ्याने वाचीन. साहेबांनी नेरला पुन्हा ‘सतरा एके’ म्हटलं, तर त्यांनाही हेच ऐकवणार आहे.

आणि आता मला तुला विचारायचं आहे. पुन्हा रागच म्हण. काल दुपारपासून तो उतरत नाही. तू मला त्या दिवशी घराबाहेर का काढलं नाहीस? खाटेवरून उठून, दंडाला धरून, सगळ्या लोकांसमोर? पोराचं नाक पुसताना चुकलं तरी माणूस ओरडतो. मी एवढं केलं आणि तू म्हणालास, देतो! मग वर्षभर पानं बरोबर भरत राहिलास, एक आकडा चुकू न देता, आणि माझ्याशी बोलणं तेवढं बंद केलंस. हा कुठला न्याय? मी खोट्या बाक्यांवरून चार पत्रं तुझ्यावर आग ओकलो. तुझ्याकडे माझ्यावर ओकायला इतकं होतं, आणि तू फक्त कार्ड पाठवतोस. निदान कार्डामागे एक शिवी तरी लिहायची होती. तिथेही जागा होती.

शुक्रवारी सकाळच्या मोटारीने येतो. सोबत कागद आणत नाही, पेन्सिल आणत नाही. काट्यावर येणार नाही, घरी येईन आणि तू येईपर्यंत बसून राहीन. रोजा सोडायच्या वेळेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबेन. हजराबीची कबर मी पाहिलेली नाही. तू नेलंस तर मला तिथे जायचं आहे. तिथे काय बोलायचं हे मला अजूनही सुचलेलं नाही. पण सुचलं नाही म्हणून दुसरं काही बोलणार नाही, एवढं वचन देतो.

तू दार उघडलं नाहीस तरी चालेल. हाकललंस तरी चालेल. फक्त ‘या, बसा’ म्हणू नकोस, रहेमान. आधी जे म्हणायचं राहिलं आहे, ते म्हण.

तुझा
बाबाराव